विमानातून सापडलेली चार घरे

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मनात प्रथम नेहमीचेच विषय आले. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी. या विषयांवर आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल आणि ते लिहिलेच पाहिजे. पण यंदा वाटले, जरा वेगळ्या वाटेने जावे. सभा-सत्याग्रहांचा इतिहास आपण जपतो. परंतु त्या सभांना माणसे ज्या घरांतून निघाली, भाकरी बांधून, पोरं शेजारणीकडे ठेवून निघाली, त्या घरांचा इतिहास कोण जपतो?

हा प्रश्न विहाराच्या स्मरणिकेत विचारायला काहीच हरकत नाही. 'विहार' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी राहण्याची जागा असा आहे. आपण मुलाबाळांना घेऊन कान्हेरीच्या लेण्यांना जातो. तिथे काय बघतो? चैत्यगृह बघतो, बुद्धमूर्ती बघतो, आणि त्याचबरोबर भिक्खूंच्या लहान लहान खोल्या बघतो. झोपायचा दगडी ओटा, बाजूला पाण्याचे टाके. अशा लेण्यांना दान देणाऱ्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तसेच सोनार, लोहार, भिक्खुणीही आहेत. म्हणजे साध्या माणसाचे नाव आणि साध्या माणसाची खोली जपावी, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. पाली परंपरेत तर वापरातल्या वस्तूंनाही चैत्याचा मान आहे. त्याला परिभोगिक चेतिय म्हणतात. मध्यंतरीच्या काळात आपण ही दृष्टी विसरलो, एवढेच.

ही दृष्टी ज्यांनी आपल्या हिमतीवर पुन्हा मिळवली, अशा एका समाजाची हकिगत या लेखात सांगायची आहे. तो समाज आपला नाही, पण आपल्यापासून फार दूरचाही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा तो समाज. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हे आपण सर्व जाणतो. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती यांत फार साम्य आहे, अशा आशयाचे ते पत्र. डु बॉइस यांनी त्याला उत्तरही पाठविले. तर याच न्यूयॉर्क शहरात, ब्रुकलिन नावाच्या भागात, चार लाकडी घरे आहेत. त्यांची ही गोष्ट.

जमीन घेतली ती कशासाठी?

आज ब्रुकलिन म्हटले की उंच इमारती आणि प्रचंड पूल डोळ्यांपुढे येतो. पण दोनशे वर्षांपूर्वी तो शेतीचा मुलूख होता, आणि ती शेती गुलामांच्या श्रमावर चालत होती. अमेरिकेत गुलामगिरी होती ती दक्षिणेत, असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नाही. १७९० च्या जनगणनेत ब्रुकलिन ज्या किंग्ज काउंटीत येते, तिथल्या साडेचार हजारांच्या आतल्या लोकवस्तीत सुमारे १४०० माणसे गुलाम होती. म्हणजे दर तीन माणसांमागे जवळजवळ एक. न्यूयॉर्क राज्याने १७९९ साली हळूहळू मुक्ती देणारा कायदा केला आणि शेवटी ४ जुलै १८२७ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली.

कायद्याने संपली, पण कायद्याने संपणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको. गुलामगिरी संपायच्या आधीच, १८२१ साली, त्या राज्याने नवी राज्यघटना केली होती. तीत गोऱ्या पुरुषांना मतदानासाठी असलेली मालमत्तेची अट काढून टाकण्यात आली. काळ्या पुरुषांसाठी मात्र अट घातली की, किमान २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता ज्याच्या नावावर असेल, त्यालाच मत. हातावर पोट असलेल्या, काल-परवापर्यंत गुलाम असलेल्या माणसाने २५० डॉलरची मालमत्ता आणायची कुठून? म्हणजे दार उघडे ठेवायचे, पण उंबरठा छातीएवढा करायचा!

ही अट लक्षात ठेवली म्हणजे पुढची गोष्ट समजते. १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली आणि जमिनीचे भाव पडले. हेन्री थॉम्प्सन नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थाने ब्रुकलिनच्या पूर्वेकडे जमीन घेतली होती. त्याच्याकडून १८३८ साली जेम्स वीक्स नावाच्या माणसाने काही भूखंड विकत घेतले. हा वीक्स कोणी सरदार नव्हता, पुढारी नव्हता. गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारा तो कामगार. आपल्या मुंबईच्या गोदीत आपले वाडवडील जे काम करीत, तेच काम. त्याच्यामागून इतरांनीही तिथे जमिनी घेतल्या, घरे बांधली आणि त्या वस्तीला नाव पडले वीक्सव्हिल. वीक्सचे गाव.

जमीन घेतली ती निव्वळ डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून नव्हे. जमीन म्हणजे मताचा हक्क होता. जमीन म्हणजे माणूस म्हणून मोजले जाण्याचा दाखला होता. शिवाय ती शहराच्या गर्दीपासून दूर, गुलाम पकडून नेणाऱ्यांच्या नजरेपासून जरा सुरक्षित होती. आपल्याकडे गावकुसाबाहेर राहणे ही शिक्षा होती. या लोकांनी शहराबाहेर जाऊन स्वतःच्या मालकीचे गाव वसवले. दोन्ही ठिकाणी वस्ती बाहेरच, पण एक लादलेली आणि दुसरी निवडलेली. हा फरक मोठा आहे.

१८५० च्या दशकात या गावात पाचशेच्या वर माणसे राहात होती. त्यांची स्वतःची शाळा होती, चर्च होती, दफनभूमी होती. पुढे अनाथांसाठी आश्रम निघाला, वृद्धांसाठी घर निघाले. १८६६ साली तिथून 'फ्रीडमन्स टॉर्चलाइट' नावाचे वर्तमानपत्र निघाले. या नावाचा अर्थच मुक्त झालेल्यांची मशाल. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता यांची नावे घेत वाढलेल्या वाचकाला या नावातली तळमळ लगेच कळेल. याच गावात १८४७ साली जन्मलेली सुसान स्मिथ ही मुलगी १८७० मध्ये डॉक्टर झाली. ती न्यूयॉर्क राज्यातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. लग्नानंतर सुसान मॅकिनी या नावाने ती ओळखली गेली.

या गावाची खरी कसोटी लागली ती जुलै १८६३ मध्ये. यादवी युद्ध चालू होते आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. संतापलेल्या गोऱ्या जमावाने राग काढला तो काळ्यांवर. माणसांना भर रस्त्यात मारले, फासावर लटकावले. कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रमही जाळला. त्या दिवसांत जीव वाचवून नदीपलीकडे पळालेल्या कितीतरी कुटुंबांना वीक्सव्हिलने आसरा दिला. लहान लहान घरे, त्यांत आधीच माणसे भरपूर. पण दारे उघडली गेली. ज्यांनी आपल्या चाळीत दंगलीच्या रात्री दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-पंधरा माणसे झोपलेली पाहिली आहेत, त्यांना हे चित्र सांगावे लागणार नाही.

गाव कसे पुसले गेले

एवढे नांदते गाव, पण पन्नास-साठ वर्षांत त्याचे नावसुद्धा लोक विसरले. कुणी जाळले नाही, कुणी उठवले नाही. शहर वाढले, इतकेच. आखीव चौकोनी रस्ते पडले, टेकड्या सपाट झाल्या. १८८३ साली ब्रुकलिनचा पूल झाला आणि वस्ती झपाट्याने वाढली. जुनी घरे पाडून नवी उठली. १८९८ साली ब्रुकलिनच न्यूयॉर्क शहरात सामील झाले. शाळेचे नाव बदलले, रस्त्यांची नावे बदलली. वीक्सव्हिलची नातवंडे-पतवंडे त्याच भागात राहात होती, पण आपण कोणत्या गावात राहतो हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या भागाची ओळख उरली ती गरीब काळ्यांची बकाल वस्ती एवढीच.

वाचकहो, इतिहास पुसायला दर वेळी शत्रू लागत नाही. विसराळूपणाही पुरतो.

आकाशातून दिसलेली गल्ली

आता १९६८ साल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झालेला. ब्रुकलिनच्या प्रॅट या शिक्षणसंस्थेत जेम्स हर्ली नावाचे इतिहासकार परिसराच्या इतिहासाचा एक वर्ग घेत होते. वर्गाला येणारी माणसे म्हणजे आसपासचे रहिवासी. जुन्या पुस्तकांत वीक्सव्हिल असे एक नाव हर्लींना आढळले होते. पण जागेवर जाऊन पायी हिंडले तर काहीच सापडेना. तेव्हा जोसेफ हेन्स नावाच्या विमान चालवता येणाऱ्या गृहस्थाला सोबत घेऊन ते एका लहान विमानातून त्या भागावरून हिंडले, फोटो काढले.

वरून सगळे रस्ते वहीवर आखलेल्या रेघांसारखे सरळ दिसत होते. आणि त्यांत एके ठिकाणी, बर्गन स्ट्रीटच्या आत, एक गल्लीचा तुकडा तिरका गेलेला दिसला. त्या तुकड्याकडे तोंड करून चार जुनी लाकडी घरे उभी होती. तो तुकडा म्हणजे जुना हंटरफ्लाय रोड. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासूनची, मूळ रहिवाशांच्या वाटेवरून गेलेली ती सडक. नव्या आखणीत सडक बुजली, पण तिच्या कडेची ही घरे तशीच राहिली. आजूबाजूच्या रस्त्यांवरून बघणाऱ्याला वाटावे, ही घरे वाकडी बांधली आहेत. घरे वाकडी नव्हती. रस्ता बदलला होता.

सापडली खरी, पण टिकायची कशी? तो भाग जुना म्हणून पाडून नव्याने बांधायचा सरकारी कार्यक्रम तेव्हा जोरात होता. जवळच्याच एका भूखंडावर पाडकाम होणार होते. यंत्रे लागण्याआधी तिथे खोदून पाहू द्या, अशी परवानगी या मंडळींनी मिळवली. खोदायला कोण आले? मोठमोठे पुराणवस्तुतज्ज्ञ नव्हे. शेजारच्या शाळेची पोरे आली, बालवीर पथकातली मुले आली, आसपासचे आईबाप आले. फुटक्या बशा, बाटल्या, जुन्या वस्तू मातीतून निघू लागल्या. त्यांत पत्र्यावर उमटवलेले एक छायाचित्र सापडले. नीटनेटका पोशाख केलेली, थेट समोर बघणारी एक कृष्णवर्णीय स्त्री. तिचे नाव कुणाला ठाऊक नाही. लोक तिला वीक्सव्हिलची बाई म्हणू लागले आणि ती त्या साऱ्या कार्याची ओळख होऊन बसली. नाव नसलेल्या एका बाईच्या नजरेने गावाला त्याचे नाव परत मिळवून दिले.

आणि १९७० साली जे घडले ते तर फारच सुंदर. त्या घरांना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण द्यावे की नाही, यावर शहराच्या वारसा आयोगापुढे सुनावणी होती. तिथे वकिलांबरोबर त्या भागातल्या सरकारी शाळा क्रमांक २४३ ची लहान लहान मुले गेली. आमच्या लोकांची ही घरे आहेत, ती पाडू नका, असे त्यांनी आयोगाला आपल्या तोंडाने सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरांना संरक्षण मिळाले. मुले नुसती बोलून थांबली नाहीत, त्यांनी पै-पैसा जमवून निधीही उभा केला. घरांच्या खरेदीच्या कामात सुरुवातीचा हातभार लागला तो या मुलांच्या वर्गणीचा.

चाळीस वर्षांची चिकाटी

इथे एका बाईंचे नाव आदराने घेतले पाहिजे. जोन मेनार्ड. जन्म १९२८. व्यवसायाने चित्रकार. वीक्सव्हिलचे रक्षण करण्यासाठी जी संस्था निघाली, तिच्या त्या संस्थापकांपैकी एक, आणि पुढे १९९९ पर्यंत तिची धुरा त्यांनी वाहिली. १९७३ साली संस्थेने ती घरे विकत घेतली. पण घर विकत घेणे सोपे. लाकडी घर उभे ठेवणे कठीण. पाऊस, वाळवी, मोडतोड, पैशांची चणचण, सगळे झाले. एक भिंत सावरावी तर दुसरे छप्पर गळते. मेनार्डबाईंनी या काळात घरांबरोबर शाळाही धरून ठेवल्या. मुलांच्या सहली आणल्या, त्यांना वस्तू दाखवल्या, गोष्टी सांगितल्या. घर पूर्ण दुरुस्त होईपर्यंत वाट न बघता घराचे काम त्यांनी सुरू केले. २००६ साली त्या वारल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, पूर्ण दुरुस्त झालेली घरे लोकांसाठी उघडली होती. १९६८ ते २००५. सदतीस वर्षे!

आज त्या घरांत काय दाखवतात? इथे आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एक घर १८६० च्या दशकातले म्हणून मांडले आहे, एक १९०० च्या सुमाराचे, आणि एक १९३० च्या दशकातले. म्हणजे एकाच वस्तीच्या तीन पिढ्या. त्यात राजाराणीचे पलंग नाहीत. चूल, भांडी, कपडे धुण्याची साधने, मुलांची खेळणी, भिंतीवरचा कागद. एका घरात एकच कुटुंब १९२० च्या दशकापासून १९६८ पर्यंत राहात होते. त्यांच्या आठवणींचा उपयोग मांडणीसाठी झाला. बशी कुठे असे, दिवा कुठे असे, हे कुठल्या ग्रंथात सापडणार? ते त्या घरात वाढलेल्या लेकरालाच ठाऊक असते.

शेजारी २०१४ च्या सुमारास मोठी नवी इमारत झाली. सभागृह, प्रदर्शन, अभ्यासाची जागा. आता सगळे सुरळीत झाले, असे कुणालाही वाटेल. पण २०१९ साली संस्थेजवळ पैसे संपत आले आणि दार बंद करण्याची पाळी आली. तेव्हा संस्थेने लोकांपुढे हात पसरला. दोन लाख डॉलर पाहिजेत, असे जाहीर सांगितले. हजारो लोकांनी लहान-मोठ्या रकमा दिल्या आणि मागितल्याहून जास्त जमा झाले. त्यानंतर त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने या संस्थेला, ज्यांना शहर दरवर्षी मदत देते अशा सांस्कृतिक संस्थांच्या यादीत घेतले. क्रम ध्यानात घ्या. आधी लोक उभे राहिले, मग सरकार आले. आणि हेही ध्यानात घ्या की, फीत कापून उद्घाटन झाले म्हणजे काम संपत नाही. विजेचे बिल, रखवालदाराचा पगार आणि छपराची डागडुजी ही उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतात.

आता आपल्या दारात

ही सगळी परदेशातली हकिगत सांगण्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेले दादरचे राजगृह आहे. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांतून बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या गेल्या; त्यांचे कपडे, टाइपरायटर तिथे पाहताना गळा दाटून येतो. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि कागद जपण्यासाठी आयुष्य वेचले, म्हणून आज ते खंड आपल्या कपाटात आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन चळवळीतल्या बायकांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या दोघी गेल्या नसत्या तर कितीतरी आजीबाईंच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

पण घरांचे काय? परळच्या बी.आय.टी. चाळीत, पहिल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे कुटुंब तिथे राहिले. परदेशी जाऊन आलेला, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी दोन खोल्यांत राहून मूकनायक काढतो, महाडला जातो, गोलमेज परिषदेला जातो. माता रमाईंचा संसार त्याच खोल्यांत झाला. त्या खोल्या आणि तो जिना बघितल्याशिवाय या गोष्टीचा अर्थ पुरा कळत नाही.

आणि बाबासाहेबांच्या खोल्या एक वेळ कोणीतरी लक्षात ठेवीलच. माझी काळजी बाकीच्या खोल्यांची आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली. तिथे भजनी मंडळे झाली, समता सैनिक दलाच्या कवायती झाल्या, भीमजयंतीच्या वर्गण्या झाल्या. १९७४ साली वरळीच्या दंगलीत पँथरची पोरे याच चाळींतून लढली. आता तिथे ५०० चौरस फुटांची घरे असलेल्या उंच इमारती उठत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या.

इथे गैरसमज नको. शंभर वर्षे सार्वजनिक संडासापुढे रांग लावलेल्या माणसाला "तुझी खोली ऐतिहासिक आहे, तू तिथेच राहा" असे सांगणे ही क्रूरता होईल. नव्या घराचा आनंद हा हक्काचा आनंद आहे. वीक्सव्हिलच्या लोकांनीसुद्धा साऱ्या ब्रुकलिनने जुन्या लाकडी घरांत राहावे, असे म्हटले नाही. त्यांनी चार घरे राखली. फक्त चार! प्रश्न एवढाच की, शेकडो खोल्या जाताना एक तरी खोली, तिच्या मोरीसकट, मांडणीसकट, पोटमाळ्यासकट आपण कुठे उभी ठेवणार आहोत का?

हा विषय काढला की वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "कशाला रे बाबा ते दिवस आठवायचे? त्या दैन्याचं काय प्रदर्शन मांडायचं?" त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. ज्याने सोसले त्यालाच ते बोलण्याचा अधिकार. पण वीक्सव्हिलचे १९३० च्या दशकातले घर म्हणजे मंदीच्या काळातले, ओढगस्तीचे घर आहे. ते बघणाऱ्याला तिथे नुसते दैन्य दिसत नाही. अपुऱ्या जागेतला नीटनेटकेपणा दिसतो. आपल्या खोल्यांतही तसेच होते. घासून लख्ख केलेली पितळी भांडी, बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो, आणि रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करणारे पोर. हे दैन्याचे प्रदर्शन नव्हे, मावशी. दैन्यावर तुम्ही कशी मात केली, त्याचा तो पुरावा आहे. आज तुमची नात संगणकापुढे बसते. ती कुठून निघाली हे तिला डोळ्यांनी दिसायला नको का?

दुसरा आक्षेप पैशांचा. यावर थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुतळे, कमानी, रोषणाई यांसाठी आपल्याला वर्गणी कमी पडत नाही. ती श्रद्धा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण त्याच विहाराच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या कुठे आहेत म्हणून विचारले, तर कुणीतरी सांगते, पावसात भिजल्या, रद्दीत गेल्या. पुतळा आपण नवा करू शकतो. इतिवृत्ताची वही नवी करता येत नाही.

उद्यापासून करता येईल असे

मोठे संग्रहालय उद्या उभे राहणार नाही. पण काही कामे उद्या सकाळी सुरू करता येतात आणि त्यांना फारसा खर्च नाही.

पहिले, विहारात एक कुलपाचे कपाट या कामासाठी वेगळे ठेवावे, भिंतीच्या ओलीपासून दूर. त्यात जुनी इतिवृत्ते, पावतीपुस्तके, जयंतीची पत्रके, लग्नपत्रिका ठेवाव्यात. कागदांना प्लॅस्टिकचा थर चिकटवून घेऊ नये. त्याने कागद कायमचा बिघडतो.

दुसरे, घरोघरचे जुने फोटो काढावेत आणि फोटोत कोण कोण आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूला हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावे. वीक्सव्हिलच्या त्या बाईचे नाव आज जगात कुणाला ठाऊक नाही. आपल्या आजीचे तसे व्हायला नको. मूळ फोटो घरच्यांकडेच राहू द्यावा, विहाराने फक्त त्याची प्रत घ्यावी. लोकांचा विश्वास त्यानेच बसतो.

तिसरे, १९५६ साली नागपूरला गेलेली किंवा त्या दिवसांची घरातली आठवण सांगू शकणारी जी वृद्ध माणसे अजून आहेत, त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. या कामाला मुहूर्त पाहू नये. ही माणसे आपल्यासाठी थांबणार नाहीत.

चौथे, जिथे जुनी चाळ, जुनी वस्ती पाडली जाणार आहे, तिथे पाडण्यापूर्वी एका खोलीची मापे घ्यावीत, नकाशा काढावा, चारही भिंतींचे फोटो घ्यावेत आणि शक्य असेल तिथे दार, खिडकी, मांडणी, पाटा-वरवंटा काढून ठेवावा. खोली राखता आली नाही, तरी तेवढ्या साहित्यावर पुढे ती पुन्हा मांडता येते.

आणि पाचवे सर्वांत महत्त्वाचे. या कामात मुलांना घ्यावे. धम्म वर्गाला येणारी मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतील. सुनावणीला जाऊन आपल्या लोकांची घरे वाचवणारी ती ब्रुकलिनची मुले शाळकरी वयाचीच होती.

पूर्वी म्हटल्याप्रमाणे, त्या चार घरांना लोक वाकडी समजत होते. कारण बघणारे नव्या रस्त्यावर उभे होते. आपणही आता नव्या रस्त्याला लागलो आहोत, लिफ्टच्या इमारतीत जातो आहोत. जरूर जाऊ या. पण ज्या जुन्या वाटेवरून आपले वाडवडील चालत आले, त्या वाटेकडे तोंड करून उभे असलेले एखादे घर मागे राहू द्या. उद्या कुणी आकाशातून शोधत येण्याची वेळ आपल्या नातवंडांवर येऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!